व्हॉल्व्ह गेला, की व्हॉल्व्हचं घर बिघडलं?

एप्रिलमध्ये नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका काकूंचा फोन आला. काकांनी हौसेनं घेतलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर त्या अजून रोज संध्याकाळी लावतात. "डाव्या बाजूचा आवाज अर्ध्या तासानं बुडत जातो रे. मधेच परत येतो. दुकानात विचारलं तर म्हणतात, सगळे व्हॉल्व्ह बदलावे लागतील, संच बाहेरून मागवावा लागेल. मागवून घेऊ का?"

मी म्हटलं, "काकू, संध्याकाळी येतो. तोवर काही मागवू नका."

थांबा म्हणण्यामागे माझा स्वतःचा अनुभव होता. काही वर्षांपूर्वी माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा एक मोठा व्हॉल्व्ह लालबुंद होऊन मेला. मी तो एका दुकानात दिला. त्यांनी चारही मोठे व्हॉल्व्ह नवे घातले, मी पैसे दिले, घरी आणला. आठव्या दिवशी त्याच जागेवरचा नवा व्हॉल्व्ह तसाच लाल झाला. खरा बिघाड खाली, चेसिसच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या, आत होता, आणि तो काही रुपयांचा भाग होता. जुना व्हॉल्व्ह मारला होता तो त्यानंच, आणि नवाही त्यानंच मारला. तेव्हापासून एकच गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: व्हॉल्व्ह बदलण्याआधी बिघाड व्हॉल्व्हचा आहे की तो जिथे बसतो त्या जागेचा, एवढं तरी नक्की करा. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

रेकॉर्ड प्लेअर पुन्हा घरांत येऊ लागलेत, छोटे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर ऑनलाइन मिळतात, आणि माळ्यावरचे जुने खाली उतरतायत. त्यांच्यात बिघाड झाला की काय करायचं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे नेमकं काय?

पाठ्यपुस्तकात त्याला निर्वात नलिका म्हणतात. काचेची बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली. मधोमध एक तापणारी तार, म्हणजे हीटर. त्याच्याभोवती कॅथोड नावाची बारीक नळी. तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारला की वाफ उठते, तसे तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन उठतात. सगळ्यात बाहेर एक धातूचा पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. प्लेटवर २५० ते ४०० व्होल्टचा धन दाब असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धाव घेतात. आणि या दोघांच्या मध्ये असते बारीक तारेची जाळी.

सगळी करामत त्या जाळीची आहे. पावसाळ्यात तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आपण वाचतो. दरवाजा हलवायला लागते ती ताकद थोडी, पण त्याच्यामागून सुटणारं पाणी अफाट. जाळी म्हणजे तो दरवाजा. गाण्याचा अगदी क्षीण सिग्नल जाळीवर येतो, आणि त्याच्या चढउताराप्रमाणे प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. लहान आवाजाचा मोठा आवाज होतो तो असा. इंग्रजांनी या वस्तूला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हे नाव दिलं ते चपखल आहे.

फ्लेमिंगनं दोन टोकांचा व्हॉल्व्ह १९०४ मध्ये केला, जाळी घालण्याची युक्ती १९०६ च्या सुमारास ली डी फॉरेस्टची. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या काही दशकांत व्हॉल्व्ह मागे पडला. पण नाहीसा झाला नाही. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब निर्वात नलिकाच होती, आणि आज स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापवणारा मॅग्नेट्रॉनही त्याच घराण्यातला आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६० च्या दशकापासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यावरची बेल ही अक्षरं जुन्या मेकॅनिकांना आजही डोळे झाकून ओळखू येतात.

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन प्रकार दिसतील. बोटाएवढे लहान व्हॉल्व्ह सिग्नल वाढवतात. त्यातला सर्वांत नेहमीचा ईसीसी८३. अमेरिकन पद्धतीत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात, दोन्ही एकच. मोठे व्हॉल्व्ह, म्हणजे ईएल८४ किंवा ईएल३४, स्पीकरला ताकद देतात. लहान व्हॉल्व्ह सहज १० हजार तास टिकतो. मोठ्याचं आयुष्य साधारण २ ते ५ हजार तास. रोज तीन तास ऐकलंत तर वर्षाला हजार-अकराशे तास होतात, यावरून हिशेब करा. दहा वर्षं न बदललेले मोठे व्हॉल्व्ह थकलेले असू शकतात. पण बिघाड लहान व्हॉल्व्हच्या जागी दिसत असेल, तर लगेच वयाला दोष देऊ नका.

हात लावण्याआधी

इथे मी कुणालाच सवलत देत नाही. "घरचं वायरिंग मीच करतो" असं सांगणाऱ्यालाही नाही. घरात २३० व्होल्ट असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ३०० ते ४५० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठून राहतात. कधी काही मिनिटं, कधी फार जास्त वेळ. म्हणून खालचं झाकण उघडायचं नाही. या लेखातलं सगळं काम वरून, व्हॉल्व्ह काढून-घालून होतं.

व्हॉल्व्ह काढायचा तो प्लग भिंतीतून काढल्यावर आणि पंधरा-वीस मिनिटांनी. मोठ्या व्हॉल्व्हची काच २०० अंशांच्या घरात तापते. काढताना बुडाशी धरा, सरळ वर ओढा, अगदी हलकं पुढे-मागे करा, पिळू नका. आणि स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही लावू नका. ट्रान्झिस्टरवाल्याला त्याचं काही वाटत नाही. इथे मात्र मोठे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधली ऊर्जा जायला वाट सापडली नाही की आतला दाब भलताच उसळतो, आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरमधली सगळ्यात महागडी वस्तू बहुतेक वेळा तीच असते.

आधी डोळे, मग कान

खोलीत अंधार करा, अ‍ॅम्प्लिफायर लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये नारिंगी धग दिसायला हवी. काही व्हॉल्व्हमध्ये धातूच्या आड ती जवळजवळ दिसत नाही, तेव्हा हात जवळ नेऊन ऊब तपासा, काचेला न लावता. ईसीसी८३ मध्ये एकाच काचेत दोन स्वतंत्र भाग असतात आणि दोघांना वेगवेगळा हीटर. त्यामुळे एक पेटलेला आणि एक काळा, असंही दिसू शकतं. वरवर बघणाऱ्याला "पेटला आहे" एवढंच कळतं.

काचेच्या आत, बहुधा माथ्यावर, आरशासारखा चंदेरी थर असतो. तो बेरियमचा. आत उरलीसुरली हवा शोषून घेणं हे त्याचं काम. काचेला सूक्ष्म तडा जाऊन हवा आत शिरली की हा थर चुन्यासारखा पांढरा होतो. तसा दिसला तर वाद नाही, तो व्हॉल्व्ह गेला. कडेनं थोडा तपकिरी झाला असेल तर तेवढ्यावर निकाल देऊ नका.

निळ्या उजेडाला लोक फार घाबरतात. मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूवर निळसर चमक दिसते आणि गाण्याबरोबर हलतेसुद्धा. ती निरुपद्रवी आहे, मला तर ती बघायला आवडते. धोका वेगळा: प्लेटच्या आतल्या पोकळीत जांभळट ढग दिसला तर आत वायू आहे, तो व्हॉल्व्ह वापरू नका. आणि प्लेट स्वतः लाल होऊ लागली तर विचार करत बसू नका, त्याच क्षणी बटण बंद.

आता कान. सतत घुंऽऽ असा हम येत असेल तर बघा, आवाजाचं बटण शून्यावर नेल्यावर तो राहतो का. राहिला तर बिघाड त्या बटणाच्या पुढच्या भागात, गेला तर अलीकडे किंवा बाहेरून येणाऱ्या वायरमध्ये. खरखर बहुधा सैल किंवा मळलेल्या पिनांची. शिट्टी किंवा घंटेसारखी किणकिण येत असेल तर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं, लाकडाच्याच, एकेका लहान व्हॉल्व्हवर हलकी टिचकी द्या. सगळेच थोडे टकटक ऐकवतील. पण एखादा टिचकीनंतरही घुमत राहिला तर त्याच्या आतले भाग ढिले झालेत. आणि आवाज बंद न होता अशक्त आणि फाटका झाला असेल तर मोठ्या व्हॉल्व्हच्या जोडीतला एक गेला असण्याची शक्यता. दोन बैलांतला एक बसला तरी गाडी रखडत का होईना, पुढे जाते, तसं.

अदलाबदल: बिघाड कुणाबरोबर जातो?

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी रीत ही, म्हणून इथे घाई करू नका. स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एकाच पेटीत दोन जुळे. डावा बिघडला असेल तर उजवा तुमच्यासमोर नमुना म्हणून हजर आहे. दोघांमधली एकेक वस्तू बदलायची आणि बघायचं, बिघाड वस्तूबरोबर दुसरीकडे जातो की जागेवरच राहतो. आजारी माणूस घर बदलूनही आजारीच राहिला तर आजार त्याचा. तो नव्या घरात बरा झाला आणि त्याच्या जुन्या घरात आलेला दुसरा आजारी पडला, तर ते घरच ओलं आहे.

काकूंकडे हेच केलं. आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या केल्या. आता उजवा स्पीकर बुडू लागला. म्हणजे स्पीकर ठीक, बिघाड अलीकडे. मग रेकॉर्ड प्लेअरकडून येणाऱ्या वायरी उलट केल्या. उजवाच स्पीकर पुन्हा बुडाला. म्हणजे प्लेअर आणि वायरी निर्दोष, दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या भागात. इथवर एकाही व्हॉल्व्हला हात लावला नव्हता, आणि कितीतरी घरांत तपास इथेच संपतो.

मग प्लग काढला, गार होऊ दिलं, काकूंनी चहा केला. डाव्या आणि उजव्या बाजूचे ईसीसी८३ आपसांत बदलले आणि अर्धा तास वाट पाहिली. बिघाड डाव्या भागातच. जो व्हॉल्व्ह उजवीकडे गेला तो तिथे छान वाजत होता, आणि उजवीकडचा चांगला व्हॉल्व्ह डावीकडे येऊन बुडू लागला. दिवा मालवून पाहिलं तर डाव्या सॉकेटमधल्या त्या व्हॉल्व्हची धग मंद होत चालली होती, आणि तिच्यामागोमाग आवाज. मी पेन्सिलीनं व्हॉल्व्ह किंचित कलता केला. धग पुन्हा उजळली, चार-पाच सेकंदांनी आवाजही वर आला.

आवाज का बुडत होता हे त्यातून उलगडलं. हीटरच्या पिनेचा संपर्क तुटला की व्हॉल्व्ह एकदम बंद पडत नाही. विस्तव काढलेल्या तव्यासारखा तो हळूहळू निवतो. म्हणून खट् आवाज न होता गाणं विरत जायचं. दुकानवाले सगळे व्हॉल्व्ह बदलायला सांगत होते, आणि व्हॉल्व्हचा यात काही दोषच नव्हता.

काही अडचणी सांगून ठेवतो. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकच ईसीसी८३ दोन्ही बाजूंचं काम करतो, एकेक भाग एकेका बाजूला. तिथे अदलाबदल शक्य नाही, म्हणून एक चांगला ईसीसी८३ जास्तीचा घरात ठेवा. खात्रीचा एक व्हॉल्व्ह हा तुमच्याकडचा सर्वांत चांगला टेस्टर. दुसरं, बसतो म्हणून घालायचा नाही. ईसीसी८२ त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण तो सिग्नल साधारण २० पट वाढवतो, ईसीसी८३ साधारण १०० पट. ईएल३४ आणि ६एल६ दोघांच्याही बुडाला आठ पिनांचंच बूड, तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असं नाही.

तिसरी अडचण मोठ्या व्हॉल्व्हची. गाणं चालू नसतानाही त्यांच्यातून ठराविक प्रवाह वाहत असतो. तो आवरून धरणाऱ्या जाळीवरच्या ऋण दाबाला बायस म्हणतात, म्हणजे लगाम. काही अ‍ॅम्प्लिफायर लगाम आपोआप जुळवतात, तिथे मोठे व्हॉल्व्ह बिनधास्त बदलून बघा. जिथे तो हातानं लावावा लागतो, तिथे जागा बदलल्यावर पुन्हा मोजून लावावा लागतो. आणि ज्या व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली किंवा ज्यानं फ्यूज उडवला, तो चांगल्या जागी घालून बघूच नका. आत शॉर्ट असेल तर तो त्या जागेचंही नुकसान करेल.

बिघाड जागेवरच राहिला तर?

तर आधी सॉकेट. नागपुरात मी हे खास जोर देऊन सांगतो. मार्च संपता संपता घरोघरी कूलर लागतात. आपल्या कूलरची हवा ओली, आणि तिच्याबरोबर बाहेरची धूळ. महिनोन्‌महिने ती हवा अ‍ॅम्प्लिफायरवर येत राहिली की सॉकेटच्या बारीक पकडींवर काळपट-हिरवा थर चढतो. प्लग काढून, गार झाल्यावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पिनांना लावायचा आणि व्हॉल्व्ह आठ-दहा वेळा सरळ आत-बाहेर करायचा. दातांच्या फटी साफ करायचा छोटा ब्रश सॉकेटच्या भोकांत नेमका जातो. पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका. पकड सैलच झाली असेल तर ती आवळणं किंवा सॉकेट बदलणं हे मेकॅनिकचं काम.

सॉकेट साफ करूनही फरक नसेल, किंवा प्लेट लाल होत असेल, तर झाकणाखालचं प्रकरण आहे. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेच होतं. लहान आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. तो चहाच्या गाळणीसारखा: गाणं पुढे जाऊ देतो, आणि लहान व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा मोठा डीसी दाब अडवतो. जुना झाला की गाळणी फाटते, थोडा डीसी झिरपून मोठ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर येतो, लगाम सुटतो, प्रवाह वाढतो आणि प्लेट लाल होते. अशा जागी कितीही नवा व्हॉल्व्ह घाला, तो मरणारच. दोन्ही बाजूंना सारखाच हम असेल तर संशय वीजपुरवठ्याच्या मोठ्या कपॅसिटरवर, ते उष्णतेनं सुकतात. मेकॅनिककडे गेलात की "वाजत नाही" एवढंच सांगू नका. "व्हॉल्व्ह बदलून पाहिले, बिघाड डाव्या बाजूच्या दुसऱ्या सॉकेटवरच राहतो" असं सांगा. त्याचे दोन तास वाचतात.

मग एकदाच सगळे बदलले तर बिघडलं काय?

पैसे असतील तर हा प्रश्न रास्त वाटतो. पण सगळे एकदम बदलले आणि बिघाड गेला, तर तो कुणाचा होता हे कायमचं हरवलं. नाही गेला, तर नवा संच धोक्यात. शिवाय व्हॉल्व्ह आता सहज मिळणारी वस्तू राहिलेली नाही. आज ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियातून येणारा पुरवठा अडकला तेव्हा जगभर किमती भडकल्या होत्या. त्यात आपल्याला कुरिअर आणि कस्टम वेगळं. सीताबर्डीच्या दुकानांत कपॅसिटर, सॉकेट, क्लीनर मिळून जाईल, पण जुळवलेली ईएल३४ ची जोडी आजची उद्या मिळेलच असं नाही. म्हणून चांगला व्हॉल्व्ह कचऱ्यात टाकणं मला फार लागतं.

"पण टेस्टरवर तर व्हॉल्व्ह पास झाला होता" असंही लोक सांगतात. टेस्टर म्हणजे इथे व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र. बरेचसे साधे टेस्टर कमी दाबावर तपासतात. तिथे नीट वागणारा व्हॉल्व्ह ३५० व्होल्टवर, तापल्यावर बिथरू शकतो. टेस्टरनं नापास केलेला ऐका. पास केलेला मात्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अदलाबदल करूनच पारखा.

उन्हाळा आणि व्होल्टेज

ऐन मे महिन्यात, ४५ अंशांत, व्होल्टेज खाली-वर होतं हे आपल्याला सांगायला नको. ईसीसी८३, ईएल८४ आणि ईएल३४ यांच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. त्यात साधारण १० टक्के कमीजास्त चालतं, त्यापुढे आयुष्य घटतं. चांगला स्टॅबिलायझर लावा. अमेरिकेहून आणलेला ११७ किंवा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीत घालू नका. चारी बाजूंनी आणि वर मोकळी जागा ठेवा. कूलरचा पंप चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् येतो तो व्हॉल्व्हचा दोष नव्हे, वेगळ्या पॉइंटवर लावून बघा.

काकूंच्या सॉकेटमधून ब्रशला काळी-हिरवी घाण निघाली. कूलर खिडकीत, आणि अ‍ॅम्प्लिफायर बरोबर त्याच्या झोतात, डावी बाजू त्याच्याकडे. आम्ही दोघांनी टेबल समोरच्या भिंतीला नेलं, वाळायला तासभर दिला, आणि तेच जुने व्हॉल्व्ह परत बसवले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. काकू आरामखुर्चीत मागे टेकून ऐकत होत्या.

"आता दोन्हीकडून येऊन राहिला रे," त्या म्हणाल्या, आणि उठून रेकॉर्डची बाजू पालटली.